कागदावर मेलेली थर्झा

माझी सून चहाला आलेल्या बायकांना सांगते की तिच्या नवऱ्याचे आजोबा सरकारी मोजणीदार होते आणि जमीन मोजायला या बेटावर आले. मी तिथेच बसलेली असते. मला ऐकू कमी येतं असं तिने परस्पर ठरवून टाकलंय, म्हणून मी आपली बिस्किट चहात बुडवते आणि गप्प राहते. पण आज डोकं सणकलंय. मोजणीदार म्हणे. माझा बाप चोर होता, आणि चोरीतही फारसा हुशार नव्हता.

बापाचं नाव ओबेड लार्कम. आमचं गाव इंग्लंडात, डॉर्सेट परगण्यात. बाप लोकांची घरं शाकारायचा. गावच्या चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हा पाद्रीबुवांनी त्याला बोलावलं. बाप वर चढला, पाहणी केली, आणि उतरताना छपरावरचे शिशाचे पत्रेच घेऊन खाली आला. ते विकायला निघाला तोही कुणाकडे, तर पाद्रीबुवांच्या मेहुण्याकडे. चौदा वर्षं काळ्या पाण्याची सजा झाली, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला, या बेटावर.

त्या वेळी मी सात वर्षांची होते आणि आई पोटुशी होती. बापाची बोट सुटल्यावर पाच महिन्यांनी माझी धाकटी बहीण प्रू झाली. आम्ही गावच्या धर्मादायावर पडलो. आठवड्याला तीन पाव मिळायचे आणि टोमणे पोटभर. चार वर्षांत गावाला आमचा इतका वीट आला की लोकांनी वर्गणी काढून आमचं बोटीचं भाडं भरलं. निघताना चर्चची घंटा वाजत होती. आई म्हणाली, "बघ टॅबी, शिसं गेल्याचं दुःख झालं नसेल, एवढा यांना आपण जातोय त्याचा आनंद झालाय."

बापाचं एकच पत्र आलं होतं, दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. इथे आठवड्यातून चारदा मटण मिळतं, असं त्यात होतं. आईने ते पत्र बोटीवर इतक्यांदा वाचून घेतलं की घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झाले.

बोटीवरच तिला इथला कायदा कळला. कैदी आला की सरकार त्याला कुणातरी मालकाकडे गडी म्हणून द्यायचं. त्याने मालकाकडे राबायचं, मालकाने त्याला खायला घालायचं. पण कैद्याची बायको स्वतः होऊन इथे आली, तर तिला अर्ज करून आपलाच नवरा गडी म्हणून मागून घेता यायचा. कागदावर ती मालकीण आणि तो गडी. त्याने काम चुकवलं किंवा उलट उत्तर दिलं, तर ती त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभा करू शकायची. हे ऐकल्यावर बोट लागून होणाऱ्या आईच्या उलट्या दोन दिवस थांबल्या.

"अगं बाई," ती म्हणत राहिली. "म्हणजे मी हुकूम सोडायचा आणि ओबेडने ऐकायचं? आणि नाही ऐकलं तर सरकार माझ्या बाजूने?" तिला एवढं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बेटाच्या बंदरात, होबार्ट टाऊनला उतरलो त्याच दिवशी ती आम्हा दोघींना घेऊन कैद्यांच्या कचेरीत गेली. खिडकीपलीकडे एक किडकिडीत कारकून होता. त्याने भलं मोठं पुस्तक उघडलं आणि बोट फिरवत खाली आला.

"लार्कम ओबेड. छपरं शाकारणारा. मार्लो ब्रिजला मिस्टर ब्रॅडवेलच्या शेतावर आहे. तुम्ही कोण त्याच्या?"

आई तोंड उघडणार एवढ्यात तोच पुढे म्हणाला, "बायको तर वारलेली आहे. ताप येऊन. मूलबाळ नाही."

मी आईकडे बघितलं. माझी आई थर्झा, वय वर्षं तेहतीस, वजनाने भरभक्कम, गाल लालबुंद, कडेवर एक पोर आणि हाताला एक, आणि तिला सांगतायत की तू तापाने गेलीस. मला वाटलं, आता ही खिडकीतून हात घालून कारकुनाचा कान उपटणार.

पण आईचं डोकं रागातसुद्धा चालायचं. तिच्या लगेच लक्षात आलं की हा उद्योग ओबेडचाच आहे, आणि मी जिवंत आहे म्हटलं तर सरकारला खोटी माहिती दिल्याबद्दल त्याची चामडी सोलतील. खिडकीवर उभ्या उभ्या, एक श्वास घेण्याइतक्या वेळात, तिने तोडगा काढला. आडनाव तर तेच सांगावं लागणार होतं, कारण बोटीच्या यादीत तेच होतं.

"मी त्याची भावजय," ती म्हणाली. "त्याच्या भावाची विधवा. आम्हाला दुसरं कुणी नाही, साहेब."

कारकुनाने तसं लिहून घेतलं आणि आम्हाला मार्लो ब्रिजची वाट दाखवली. बापाला भाऊच नव्हता. पाच बहिणी होत्या, पाचही एकसारख्या तोंडाळ.

बाहेर आल्यावर आई एका पिंपावर बसली आणि मग तिचा बांध फुटला. "मारलं मला. मी तिकडे त्याच्या पोरी वाढवतेय, लोकांचे कपडे धुऊन बोटांची सालं काढतेय, आणि या मुडद्याने मला इकडे पुरलं. तापाने म्हणे. मला आयुष्यात ताप आला नाही."

मार्लो ब्रिज म्हणजे एक पूल, एक खानावळ, एक चर्च आणि एक बेकरी. बेकरीच्या मागे आईने खोली घेतली आणि शिपायांचे सदरे धुवायला सुरुवात केली. आठवडाभर ती सदरे दगडावर आपटत होती आणि प्रत्येक सदऱ्याला बापाच्या नावाने हाका मारत होती.

रविवारी शेतावरच्या कैद्यांना चर्चमध्ये आणायचे. ते मागच्या बाकांवर बसायचे आणि बाहेर पडल्यावर त्यांना थोडा वेळ कुंपणापाशी उभं राहू द्यायचे, तेही मुकादमाच्या नजरेखाली. आम्ही कुंपणाच्या या बाजूला उभ्या होतो. बाप बाहेर आला. वाळला होता, केस पुढून गेले होते, पण चालणं तेच, जगाला विकत घ्यायला निघाल्यासारखं. आईला पाहिलं आणि पाय जागच्या जागी थांबले.

"थर्झा?"

"छे," आई म्हणाली. "थर्झा मेली. तापाने. वाईट झालं नाही?"

बापाचा चेहरा एकदा पांढरा झाला, एकदा लाल झाला. मग तो कुंपणाचा दांडा धरून हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू थांबेना. मुकादमाने वळून बघितलं.

"दात काय काढतोस, मेल्या? मला कशाला मारलंस ते सांग आधी."

"अगं, बोटीवर जुनी खोडं होती," बाप म्हणाला. "त्यांनी पढवलं, लग्न झालंय असं सांगू नका. एकट्या माणसाला इथे पुन्हा लग्नाची परवानगी मिळते, आणि लग्न केलं की शेतावरून सुटून स्वतःच्या झोपडीत राहता येतं. चौदा वर्षं, थर्झा. मला काय माहीत तू सात समुद्र ओलांडून येशील? मला वाटलं, तू आता दुसरा कुणी पाहशील."

"आणि तू पाहिलीस का दुसरी?"

"कुठे पाहणार? ब्रॅडवेलकडे फक्त मेंढ्या आहेत."

आईने हसू दाबलं. मला दिसलं ते.

"लिहून घेणारा म्हणाला, वाईट झालं बिचारीचं," बाप पुढे म्हणाला. "मी रडलो त्याच्यासमोर."

"ढोंगी कुठला."

"मरण खोटं होतं गं. रडू खरं होतं."

बापाचं लक्ष आईच्या झग्याआडून डोकावणाऱ्या प्रूकडे गेलं. "ही कुणाची?"

"तुझीच, मुडद्या. महिने मोज."

बापाने खरोखर बोटांवर मोजले. मग तो गुडघ्यावर बसला आणि कुंपणातून हात पुढे केला, पण प्रू आईच्या मागे लपली ती बाहेर आलीच नाही. मला त्याने केसांवरून हात फिरवून विचारलं, "टॅबी, तू माझ्यावर गेलीस की आईवर?" मी म्हटलं, मी कुणावर गेलेली नाही, मी आपली माझी आहे. तो म्हणाला, "म्हणजे आईवर."

मग त्याने खरी बातमी सांगितली. महिनाअखेर ब्रॅडवेल आपली सगळी मेंढरं घेऊन वर तळ्यांच्या मुलखात जाणार होता आणि बापालाही नेणार होता. तिथून माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा खाली येतो, तोही आला तर. बरेच जण तिथेच बर्फात नाहीतर दरीत मरून पडले होते. त्याआधी बापाला शेतावरून सोडवायला हवं होतं. बायकोने मागितला तर सरकार देईल, भावजयीला कशाला देईल?

"मग लग्न करू," बाप म्हणाला. "मी विधुर, तू विधवा. दोघंही मोकळे. कागदाला काय हरकत?"

"एकदा केलं त्याने भागलं नाही का?"

"या वेळी मी नवीन शर्ट घालीन."

आई घरी येताना वाटेभर बडबडत होती की या माणसाशी शहाण्या बाईने एकदासुद्धा लग्न करू नये. पण खोलीवर आल्यावर तिने तिचा एकुलता एक चांगला झगा काढला आणि झटकून वाळत टाकला.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पाद्री टिलनींकडे गेली. टिलनी साहेब तरुण होते, नाकाचा शेंडा कायम गुलाबी, आणि बायका रडतील याची त्यांना सतत भीती वाटायची. कैद्याच्या लग्नाला गव्हर्नरची परवानगी लागायची, आणि तो अर्ज पाद्रीमार्फत जायचा. आईने सगळं नीट सांगितलं. कचेरीत एकदा सांगून टाकल्यामुळे बदलता येत नव्हतं, म्हणून इथेही तेच सांगितलं, की मी ओबेडच्या भावाची विधवा.

टिलनी साहेबांचं नाक लाल झालं. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

ही पाटी आमच्या गावच्या चर्चमध्येसुद्धा होती. आई वर्षानुवर्षं तिच्याखालीच बसायची. तिला वाचता येत नव्हतं, तिला वाटायचं ती देणगीदारांची नावं आहेत. मला रविवारच्या शाळेत वाचायला शिकवलं होतं, पण अकरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं? त्या पाटीवर कुणी कुणाशी लग्न करू नये याची यादी होती. पुरुषासाठी तीस नाती, पहिल्या ओळीतच आजी. कुणीतरी आजीशी लग्न करायला निघाला असेल, त्याशिवाय का लिहिलं असेल? आणि त्याच यादीत खाली स्पष्ट लिहिलं होतं, भावाची बायको.

मी ते आईला वाचून दाखवलं. आई पाटीकडे बघत राहिली. जगात एवढी खोटी नाती सांगता आली असती, मावसबहीण, आत्तेबहीण, शेजारीण. तिने नेमकं तेच सांगितलं होतं ज्याला चर्चने कुलूप घातलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग खरं सांगते. मी त्याची भावजय नाही. मी त्याची बायको आहे."

"बाई," टिलनी साहेब हळूच म्हणाले, "आत्ताच तुम्ही विधवा होता."

"ते खोटं होतं. बायकोचं खरं आहे."

"आणि त्याची बायको तर वारली."

"मीच ती वारलेली."

टिलनी साहेबांनी खुर्ची दोन इंच मागे सरकवली. त्यांना आईचा एक शब्द खरा वाटला नाही, आणि त्यांची तरी काय चूक? पाटी पाहून गोष्ट बदलणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. आपल्या दिराबरोबर पापाचा संसार थाटू पाहणारी बाई, असं त्यांनी मॅजिस्ट्रेटला कळवलं. ब्रॅडवेलला कळल्यावर तो म्हणाला, गडी तर मी अजिबात सोडणार नाही.

मॅजिस्ट्रेट म्हणजे मेजर स्पर्लिंग. जुना फौजी, एक पाय गाऊटच्या सांधेदुखीने सुजलेला, तो पाय तो स्टुलावर ठेवून खानावळीच्या मागच्या खोलीत न्याय द्यायचा. त्या दिवशी अख्खं गाव जमलं होतं. बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनी आला होता. होबार्टहून कैद्यांचं पुस्तक मागवलं होतं आणि एक कारकून ते घेऊन बसला होता. ब्रॅडवेल पहिल्या बाकावर, टोपी मांडीवर. आई प्रूला घेऊन उभी, मी तिच्या शेजारी.

बापाला पुढे आणलं. "साहेब," तो म्हणाला, "ही माझी बायको आहे. ती वारली असं मी खोटं सांगितलं होतं. आज खरं सांगतो."

"तू चोर आहेस, लार्कम," मेजर म्हणाला. "तू खोटं बोललास हे तूच सांगतोस, ते खरं कशावरून धरू?"

"मलाही तीच अडचण येते साहेब," बाप म्हणाला. लोक हसले. मेजर हसला नाही.

तो आईकडे वळला. "या पुस्तकात प्रत्येक कैद्याच्या अंगावरच्या खुणा आहेत. बोटीवरून उतरले की कपडे काढून लिहून घेतात. बायको असशील तर तुला माहीत असतील. भावजयीला माहीत असायचं कारण नाही. सांग."

आईने प्रूला माझ्या हातात दिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"उजव्या दंडावर नांगर गोंदलेला आहे, वाकडा. जत्रेत पिऊन गोंदवला होता."

"तो तर बाही वर केली की कुणालाही दिसतो," ब्रॅडवेल म्हणाला.

"थांबा हो, माझं झालेलं नाही. उजव्या ढुंगणावर कुत्रा चावल्याची खूण आहे. चार दात वर, दोन खाली. पाद्रीबुवांच्या बागेतले पेअर चोरायला गेला होता तेव्हाची. आठ दिवस पालथा झोपला होता आणि मी त्यावर लोणी लावत होते."

खोलीत हसण्याचा असा गलका झाला की बेकरीवाल्याला खोकला लागला. टिलनी साहेब छताकडे बघत होते. कारकुनाने पुस्तकात नाक खुपसलं आणि म्हणाला, "आहे साहेब. उजवा कुल्ला, चाव्याचा व्रण."

"गावात गाजलेली गोष्ट असणार," टिलनी साहेब पुटपुटले. "वहिनीलाही माहीत असेल."

"मग हे ऐका," आई म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. एवढ्या लोकांत उभी आहे हे ती विसरली होती. "डाव्या खांद्याच्या खाली तीन तीळ आहेत, एका ओळीत, मधला थोडा मोठा. आणि पाठ एवढी गोरी आणि मऊ, की शाकारणाऱ्या माणसाची वाटू नये. उन्हाळ्यात तो काम करून आला की मी त्याच्या पाठीवर थंड पाणी ओतायची आणि ते तीन तीळ मोजायची. उगाच. रोज तीनच असायचे."

कारकुनाने वाचलं. "डाव्या खांद्याखाली तीन तीळ, ओळीने. पाठ स्वच्छ."

"बघून घेऊ," मेजर म्हणाला. "लार्कम, शर्ट काढ."

बाप हलला नाही.

"शर्ट काढ म्हटलं."

"राहू द्या ना साहेब," बाप म्हणाला. "हवं तर ढुंगण बघा."

पुन्हा हशा पिकला. पण मी बापाकडे बघत होते आणि तो हसत नव्हता. तो आईकडे बघतही नव्हता. कुंपणापाशी तीन रविवार उभा राहिला, भर उन्हात कोट घालून, तेव्हाही तो तिच्याकडे पाठ करून कधी वळला नव्हता. कॉन्स्टेबल पुढे झाला, त्याने बापाचा शर्ट मानेकडून वर ओढला आणि त्याला फिरवून उभा केला.

हसणं बंद झालं.

तीळ नव्हते. तीळ असायला कातडी लागते. खांद्यापासून कमरेपर्यंत नुसते चाबकाचे वळ उठलेले, एकावर एक, जांभळे आणि पांढरे, आणि डाव्या बाजूला एक पट्टा अजून ओला होता, शर्टाला चिकटलेला, तो आता सुटून आला होता. मी प्रूचे डोळे झाकले. माझे झाकायला कुणी नव्हतं.

आई पुढे गेली. तिने हात वर केला, डाव्या खांद्याच्या खाली, जिथे ते असायला हवे होते तिथे, पण तो टेकवला नाही.

"हे कशाचं?" तिने विचारलं.

"उद्धटपणाचं," ब्रॅडवेल म्हणाला. "त्याची जीभ फार चालते. मुकादमाला विनोद ऐकवायचा. दर वेळी मी रीतसर याच टेबलासमोर आणला होता."

दर वेळचा हुकूम मेजरच्याच सहीचा होता. मेजरने पुस्तकातली ती ओळ स्वतः वाचली, मग पाठीकडे बघितलं, मग पुन्हा पुस्तकाकडे.

"ही बाई त्याची बायको आहे हे मी मानतो," तो म्हणाला. "कैदी तिच्याकडे देण्यात येईल. मात्र सरकारला खोटी माहिती दिली हा गुन्हा आहेच. त्याला पंचवीस फटके."

बाप मान खाली घालून उभा होता. मला वाटलं आई आता हात जोडेल, रडेल. टिलनी साहेबांनी रुमाल तयार ठेवला होता.

आई वळली. तिचा चेहरा मी आयुष्यभर विसरले नाही, मला तिची भीती वाटली.

"मारा," ती म्हणाली. "पण आधी जागा दाखवा. इथे या आणि बोट ठेवून दाखवा, कुठे मारणार ते."

मेजरने लेखणी दौतीत बुडवली. ती तशीच धरून ठेवली. शाईचा थेंब कागदावर पडला, त्याने टिपकागदाने टिपला, पुन्हा लेखणी बुडवली. ब्रॅडवेल काहीतरी बोलायला उठला तेव्हा मेजर त्याच्यावर असा ओरडला की त्याची टोपी खाली पडली. मग तो लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्याने वर न बघता वाचलं: ओबेड लार्कम, थर्झा लार्कम हिच्याकडे, बायको, हयात. पंचवीसचा उल्लेख त्यात नव्हता.

बाहेर पडल्यावर बाप रस्त्याने आमच्या मागे मागे चालत होता, शर्ट खांद्यावर टाकून. थोड्या वेळाने त्याला त्याची जीभ सापडली. "मालकीणबाई, गड्याला पहिला हुकूम काय?"

आई थांबली नाही, मागेही वळली नाही. तिचा राग गेला नव्हता. कुणावरचा ते तिलाही सांगता आलं नसतं: बापावर, ब्रॅडवेलवर, मेजरवर, त्या पाद्रीबुवांच्या शिशाच्या पत्र्यांवर. मला कळत होतं की ती रडतेय, कारण तिची मान ताठ होती. ती नुसती रडली की वाकायची, रागाने रडली की ताठ व्हायची.

बेकरीमागच्या खोलीत तिने त्याला चुलीपुढच्या मोडक्या स्टुलावर बसवलं आणि पाणी गरम करायला ठेवलं. शिपाईलोकांचा एक जुना सदरा तिने टराटरा फाडून चिंध्या केल्या. मी विचारलं, तो शिपाई काय म्हणेल? आई म्हणाली, त्याने येऊन माझ्याशी बोलावं.

प्रू दारात उभी होती. सबंध महिनाभर ती बापाच्या जवळ गेली नव्हती. आता ती हळूहळू स्टुलाला वळसा घालून मागे गेली आणि पाठीसमोर उभी राहिली. चार वर्षांची होती, तिचं डोकं बरोबर त्या ओल्या पट्ट्याच्या उंचीला येत होतं. तिने बराच वेळ बघितलं.

"दुखतं?" तिने विचारलं. बापाशी बोललेला तिचा तो पहिला शब्द.

बापाने तोंड उघडलं. काहीतरी विनोद येणार हे मला माहीत होतं, माझ्या बापाकडे फाशीच्या दोराखालीसुद्धा एखादा निघाला असता. मी वाट बघत होते. आईनेही चिंधी पिळायची थांबवली.

"हो," तो म्हणाला. "खूप दुखतं."